सामान कोण बघणार?

भूमध्य समुद्रातल्या एका छोट्या खाडीचा मी जाणकार आहे. म्हणजे तिच्या काठाचा. सकाळचं ऊन कोणत्या खडकावर आधी येतं, पाइनच्या झाडाची सावली दुपारपर्यंत कुठवर सरकते, आइस्क्रीमवाल्याची होडी कोणत्या बाजूने वळसा घालून येते, हे सगळं मला पाठ आहे. पाण्याखाली काय आहे ते मात्र मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. बरीच वर्षं आम्ही तिथे गेलो आणि बरीच वर्षं मी एकाच जागी बसलो, सामानाजवळ.

खाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चिखल, तिवरं आणि गढूळ पाणी येतं. ही तशी नव्हती. स्पेनच्या एका बेटावर, दोन बाजूंना पांढरट खडक, मधे वाळूची अर्धी चकती, आणि पाणी असं की छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी आपल्या पायाची नखं दिसावीत. नांगरलेल्या होड्यांच्या सावल्या तळाच्या वाळूवर पडायच्या, त्यामुळे होड्या हवेतच टांगल्यात असं वाटायचं. तिथले लोक अशा खाडीला काला म्हणतात. माझ्या बायकोने ते ऐकलं आणि त्या जागेचं नाव दहीकाला ठेवून टाकलं. फेब्रुवारीत लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या घरात हीटिंग लावून, स्वेटर घालून बसलेलो असताना ती विचारायची, यंदा दहीकाल्याला जायचं ना, आणि आमची लेक टाळ्या पिटायची.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. मी पुण्याहून वर्क परमिटवर आलेला सॉफ्टवेअरवाला. हाउन्सलोत घर भाड्याचं, डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान, आणि ऑफिसला जायला भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन. ऑफिसातले इंग्रज सहकारी जानेवारीपासूनच उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल बोलायला लागायचे. आपणही जावं असं वाटलं, तर त्यांचं काम विमानाच्या तिकिटावर भागे आणि आमचं व्हिसापासून सुरू होई. एम्बसीच्या रांगेत भल्या पहाटे उभं राहा, पगाराच्या स्लिपा दाखवा, बँकेची पत्रं दाखवा. एवढं करून पासपोर्टवर स्पेनचा स्टिकर चिकटला की तो पासपोर्ट माझ्या दृष्टीने घरातल्या देव्हाऱ्याच्या बरोबरीचा व्हायचा. शिवाय इंग्लंडात राहायची परवानगीही त्यातच. तो हरवला तर धड स्पेनचे नाही, धड इंग्लंडचे नाही.

म्हणून तिघांचे पासपोर्ट एका काळ्या कापडी बॅगेत, आणि ती बॅग माझ्या खांद्याला. हॉटेलच्या खोलीवर माझा विश्वास नव्हता. किनाऱ्यावर इंग्रज आणि जर्मन कुटुंबं टॉवेल टाकून, त्यावर पाकीट, घड्याळ, गाडीची किल्ली सगळं उघड्यावर ठेवून, पाचपन्नास यार्डांवर आरामात पोहत असायची. मला त्यांचंच टेन्शन यायचं. आपल्याकडे असं कुणी करत नाही. आपली माणसं देवळात गेली, नदीवर गेली, प्रदर्शनाला गेली, तरी पहिला प्रश्न एकच असतो, सामान कोण बघणार? आणि कुणीतरी एक जण मागे बसतो. आमच्या घरात तो मी होतो आणि त्याबद्दल मला थोडा अभिमानही होता. जबाबदार माणूस म्हणून.

पण खरं सांगायचं तर सामान हे निमित्त होतं. मला पोहता येत नव्हतं, आणि येत नव्हतं कारण मला पाण्यात उतरायची मनाई होती. माझं बालपण साताऱ्याकडचं. मे महिन्यात सगळी पोरं गावाबाहेरच्या विहिरीवर जायची. पाठीला पांगाऱ्याचे ओंडके बांधून मोठी मुलं लहानांना वरून ढकलून द्यायची, आणि सुट्टी संपेपर्यंत ती लहान मुलं ओंडके सोडून सूर मारायला लागायची. मी सोडून. माझ्या पत्रिकेत जलघात आहे, असं आई सांगायची. जोशीबुवांनी बारशालाच सांगून ठेवलंय, याला पाण्यापासून जपा. पोरांनाही हे ठाऊक होतं. ती माझी चेष्टा करत नसत, उलट त्यांना सोयच झाली. मी काठावर बसायचो आणि सगळ्यांच्या चड्ड्या, सदरे, चपला सांभाळायचो. खालून हसण्याचा आणि धपाधप उड्यांचा आवाज यायचा. विहीर खोल होती, काठावरून पाणी दिसायचंही नाही.

पुढे मी इंजिनियर झालो. पत्रिका न बघता लग्न केलं. राहुकाळ, मूठभर तांदूळ, लिंबू-मिरची, असल्या सगळ्या गोष्टींवर मी मित्रांमध्ये तावातावाने बोलायचो. पण पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेलो नाही. विश्वास नव्हता, पण मोडून बघायची हिंमतही नव्हती. सुट्टीला निघायच्या आदल्या दिवशी आईचा न चुकता फोन यायचा आणि शेवटी ती म्हणायची, पाण्याजवळ सांभाळून रे. मी हो म्हणायचो. एका शिकल्यासवरल्या माणसाचा पन्नाशीकडे जाताना हा असा कारभार होता. बायकोला यातलं काही मी नीट सांगितलं नाही. तिला वाटायचं, याला पासपोर्टचं खूळ आहे.

लेक सहा वर्षांची असताना शाळेतून तिला पोहायला न्यायला लागले. एकदा तिने घरी येऊन सांगितलं की उद्या पायजमा हवा, पायजमा घालून पोहायचं आहे. कपड्यांसकट पाण्यात पडलं तर काय करायचं, ते शिकवतात म्हणे. मी तो इस्त्री केलेला पायजमा बॅगेत भरून दिला आणि दिवसभर ऑफिसात मला काही सुचलं नाही. संध्याकाळी ती बिल्ला घेऊन आली. त्या उन्हाळ्यात आईबरोबर ती दहीकाल्याच्या पाण्यात उतरली, चेहऱ्यावर मोठा मास्क, तोंडात नळी, आणि पार खडकापर्यंत जाऊन आली. माझी बायको कोल्हापूरची, रंकाळ्याच्या काठी वाढलेली, तिला पाण्याचं भय कधी नव्हतंच.

तेव्हापासून माझा एक वेगळाच आनंद सुरू झाला. लेक थोड्या थोड्या वेळाने पाण्यातून बाहेर यायची, निथळत धावत माझ्याकडे यायची आणि बातमी सांगायची. शाळेमुळे तिचं मराठी अर्धं इंग्रजी झालं होतं. बाबा, तो फिश एवढी मोठी होती. बाबा, खाली ना, ग्रास आहे, फुल फील्ड आहे, आणि यलो लाइनवाले फिश आहेत, ते गाईसारखं ग्रास खातात, खरंच. मासे कुठे चरतात का, म्हणून मी हसायचो. ती रागवायची. मग म्हणायची, बाबा, तू ये ना. मी बॅगेवर हात ठेवून म्हणायचो, पुढच्या वर्षी. ती पुन्हा पळायची. दुधाची तहान ताकावर, असं म्हणतात. मला ताकच बरं वाटत होतं.

एका वर्षी तिने यावर उपाय काढला. तेव्हा पाण्याखाली चालणारे, एकदाच वापरायचे पिवळ्या प्लास्टिकचे कॅमेरे मिळायचे. तिने हट्ट करून तो घ्यायला लावला आणि आठवडाभर रोज थोडे थोडे फोटो काढले, मला मोजून दाखवत की अजून किती उरलेत. मला नीट दिसावं म्हणून. हाउन्सलोला परत आल्यावर केमिस्टकडे रोल दिला, तिथे औषधांच्या दुकानातच फोटो धुवून मिळायचे, आणि फोटो आले ते सगळे निळे. नुसते निळे, कुठे थोडे हिरवट, एकात तिचं बोट. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि तिने एकेक फोटो मला समजावून दिला. हा इथे ऑक्टोपस आहे, दिसतोय ना. हे इथे गाईवाले फिश. मला काहीही दिसत नव्हतं. मी प्रत्येक फोटोला, वा, म्हणालो. तिला ते खोटं आहे हे कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

तिच्या दहाव्या वर्षीची गोष्ट. किनाऱ्यापासून अगदी जवळ, एका खडकाच्या कपारीत तिला ऑक्टोपस सापडला. बायको त्यावर नजर ठेवून थांबली आणि लेक माझ्याकडे धावत आली. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. बाबा, अगदी जवळ आहे, तुझ्या कमरेएवढंच पाणी, मी माझा मास्क देते, नुसतं तोंड आत घालायचं. मी आजूबाजूला बघितलं. मग विजार दुमडली, बॅग खांद्यावरून काढून डोक्यावर धरली, आणि निघालो. पासपोर्ट भिजले तर काय, हाच विचार. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मांड्यांपर्यंत आलं. वाळू पायाखालून जरा सरकली आणि मला एकदम ती विहीर आठवली, खालून येणारा आवाज आठवला. माझे पाय थांबले. पुढे लेक उभी होती, हातात मास्क धरून. मागे टॉवेलांवर आडवे झालेले लोक डोक्यावर बॅग घेतलेल्या, विजार भिजलेल्या या माणसाकडे बघत होते. मी म्हणालो, बेटा, पासपोर्ट भिजतील गं. आणि मागे फिरलो.

तिने मास्क स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि परत गेली. त्या सुट्टीत ती बातम्या सांगायला यायची, पण नंतर कधी ये म्हणाली नाही. मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं होतं. ती विचारायची थांबली याचा अर्थ काय, ते कळायला मला फार वेळ लागला.

मध्ये काही वर्षं गेली. एका मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी हाउन्सलोला आली. लेक तेव्हा शाळेच्या टीममधून पोहायची. तिची शर्यत बघायला मी आईला आमच्या भागातल्या लेजर सेंटरमध्ये, पोहण्याच्या तलावावरच्या गॅलरीत घेऊन गेलो. तिथे क्लोरिनचा वास, दमट गरम हवा, आणि लाकडी बाकावर साडीवर कार्डिगन घालून बसलेली माझी आई. नात पाण्यात सूर मारत होती आणि आई मान पुढे काढून बघत होती. शर्यत संपल्यावर ती म्हणाली, इतका चांगला तलाव घराजवळ आहे, तू का नाही रे शिकलास?

मला वाटलं ती थट्टा करतेय. मी म्हणालो, आई, माझ्या पत्रिकेत जलघात आहे ना.

आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अरे, तसं काही नव्हतं. जोशीबुवांनी असं काही सांगितलंच नव्हतं. तुझे वडील नोकरीला परगावी, घरात मी एकटी, आणि तू एकुलता एक. विहिरीवर मी किती वेळा धावत येणार होते? म्हणून सांगितलं तसं."

मी विचारलं, मग नंतर का नाही सांगितलंस.

"तू एवढा शिकलास, साहेबाच्या देशात आलास. मला काय ठाऊक, असलं काही तू अजून मनात धरून बसला असशील."

आणि ते फोन, दर सुट्टीच्या आधीचे, असं मी म्हणालो तर ती म्हणाली की ते कुठली आई म्हणत नाही. खाली लेक पाण्यातून बाहेर येऊन टॉवेल गुंडाळत होती आणि आम्हाला हात करत होती. आम्ही दोघांनी हात केला. मला आईचा फार राग आला होता. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. मग रात्रीचं जेवण करताना तिने माझ्या पानात नेहमीसारखी तुपाची धार सोडली आणि मला कळेना की मी नक्की कुणावर चिडलोय. तिने मला विहिरीपासून दूर ठेवलं, ते तिचं काम होतं. बाकीचं सगळं मी स्वतःच पुढे चालवलं होतं, तेही लोकांच्या अंधश्रद्धांवर भाषणं देत.

आई परत गेल्यावर मी रविवारी सकाळच्या क्लासला नाव घातलं. मोठ्या माणसांचा क्लास. त्यात दोन पंजाबी आजी होत्या, एक निवृत्त बसड्रायव्हर होता, आणि मी. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा फार मोठी नसेल. पहिले कित्येक रविवार नाकातोंडात पाणी जाण्यातच गेले. हातात फळी धरून, गळा ताठ करून मी पाय मारायचो, आणि शेजारच्या लेनमधून आजी मला मागे टाकून पुढे जायच्या. घरी मी सांगितलं की जिमला जातो. वरातीमागून घोडं, हे मला कळत होतं, तरी मनात एक चित्र होतं. दहीकाल्याला लेकीला न सांगता पाण्यात उतरायचं, तिच्या मागून जायचं, आणि पाण्याखाली तिचा हात धरायचा. ती दचकेल, मग हसेल, नळीतून बुडबुडे येतील. दोन हिवाळे मी त्या चित्रावर पोहलो.

दरम्यान आम्ही ब्रिटिश नागरिक झालो. कौन्सिलच्या हॉलमध्ये राणीच्या फोटोसमोर शपथ घेतली आणि लाल पासपोर्ट आले. व्हिसाच्या रांगा संपल्या. त्या उन्हाळ्यात पासपोर्ट मी हॉटेलच्या तिजोरीत टाकले आणि काळी बॅग खोलीवरच ठेवली. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. जिमची थाप तिला केव्हाच कळली होती. ओले टॉवेल लपत नाहीत.

खाडी होती तशीच होती. तेच खडक, तीच वाळू, तळावर पडलेल्या होड्यांच्या सावल्या. मी टॉवेलात गुंडाळून आणलेला नवा मास्क आणि नळी काढली. लेक टॉवेलवर पालथी पडून कानात इअरफोन घालून पुस्तक वाचत होती. तेव्हा ती सोळा वर्षांची होती, यायलाच तयार नव्हती, आईने समजावून आणलं होतं. मी मास्क तिच्यासमोर धरला. तिने एक इअरफोन काढला, मास्ककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुला पोहता येतं?"

येतं, असं मी म्हणालो. कधी शिकलास, तिने विचारलं. मी सांगितलं. ती मनापासून हसली, कूल बाबा, म्हणाली, आणि मला क्षणभर वाटलं की आता उठेल.

"चल ना," मी म्हणालो. "मला ते गाईवाले मासे दाखव."

"नको बाबा, मी खूप वेळा पाहिलंय. तू आईबरोबर जा. मी सामान बघते."

सामान काय होतं? तीन टॉवेल, सनक्रीमची बाटली आणि चपला. मी तिला म्हणालो, सामान बघायची गरज नाही आता, पासपोर्ट हॉटेलवर आहेत.

"कोणीतरी बसायला हवं ना," ती म्हणाली, आणि इअरफोन परत कानात घातला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात असंच करतात, असं तिला खरोखर वाटत होतं.

मी बायकोबरोबर पाण्यात उतरलो. ती माझ्या बाजूने पोहत होती, माझ्यावर लक्ष ठेवून. पाण्यात तोंड घातलं आणि पहिल्या श्वासाला घाबरलो, मग जमलं. खाली वाळू, मग दगड, मग एकदम हिरवं गवत सुरू झालं, पार लांबवर, एका दिशेला झुकलेलं. आणि त्यावर पिवळ्या रेघांचे मासे, खूप, माना खाली घालून, पुढे सरकत, खरोखर चरत होते. एक कळप, मग मागून दुसरा. सहा वर्षांच्या मुलीने मला जे सांगितलं होतं ते शब्दशः खरं होतं, आणि मी तिला हसलो होतो.

मी डोकं वर काढलं. मास्कच्या आत पाणी आलं होतं, आणि ते सगळंच समुद्राचं नव्हतं. किनारा वाटला होता त्यापेक्षा लांब होता. टॉवेलांच्या जवळ ती बसलेली दिसली, गुडघे जवळ घेऊन, अगदी माझ्याच जागी, पाइनच्या सावलीत. मी हात वर केला. मी ठीक आहे असं सांगतोय, असं तिला वाटलं असावं. तिनेही हात वर केला आणि परत पुस्तकात बघायला लागली.

बाहेर आलो तेव्हा मला बोलायला श्वास पुरत नव्हता. तरी मी निथळत तिच्यासमोर उभा राहिलो आणि सांगायला लागलो, की खाली मोठं कुरण आहे, आणि ते मासे खरंच गाईंसारखे चरतात, तू म्हणाली होतीस तसेच. तिने कानातला एक इअरफोन काढून शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"वा," ती म्हणाली, आणि टॉवेल माझ्या हातात दिला.